अपुऱ्या वस्तूचे आगाऊ ग्राहक

वस्तू पाहावी, पारखावी आणि मगच पैसे मोजावेत, हा बाजाराचा जुना नियम होय. तुरी अजून बाजारातच असताना घरात भांडण मांडणाऱ्या जोडप्याची म्हण मराठीत रूढ झाली, ती हा नियम विसरणाऱ्यांना चिमटा काढण्यासाठीच. तथापि व्यवहाराच्या इतिहासात याच्या उलट जाणारी एक परंपराही तितकीच जुनी आहे. वस्तू तयार होण्यापूर्वीच तिचे मोल द्यावयाचे, आणि ती तयार होईपर्यंत करणाऱ्याच्या शब्दावर विसंबून राहावयाचे, अशी ही परंपरा. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या, म्हणजेच व्हिडिओ गेमच्या, बाजारात तिला 'अर्ली ॲक्सेस' असे नाव मिळाले आहे. खेळ पुरा झालेला नसतो, त्यात चुका असतात, त्याचे कित्येक भाग अजून निर्माणही व्हावयाचे असतात. तरीही तो विक्रीस मांडला जातो आणि लक्षावधी लोक तो विकतही घेतात. असा अपुरा खेळ विकत घेणे शहाणपणाचे आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता तरुणांच्या करमणुकीपुरता वाटतो. पण वस्तुतः तो धनको आणि ऋणको यांच्या नात्याइतका जुना आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मोठा ग्रंथ छापावयाचा म्हणजे कागद, खिळे आणि मजुरी यांत मोठे भांडवल गुंतवावे लागे. राजेरजवाड्यांचा आश्रय आटत चालला होता आणि प्रकाशकाची थैली पुरेशी भरलेली नसे. यावर तोड निघाली ती वर्गणीदारांची. कवी अलेक्झांडर पोप याने होमरच्या 'इलियड'चे भाषांतर याच पद्धतीने केले. सहा खंड, प्रत्येक खंडास एक गिनी, आणि नाव नोंदवतानाच काही रक्कम आगाऊ, असा तो करार होता. पहिला खंड १७१५ मध्ये आणि अखेरचा १७२० मध्ये वर्गणीदारांच्या हाती पडला. पोपने शब्द पाळला. वर्गणीदारांना ग्रंथ मिळाला आणि कवीला आयुष्यभर कोणाची हांजी हांजी करावी लागू नये एवढी प्राप्ती झाली.

परंतु त्याच लंडनमध्ये अवघ्या चाळीस वर्षांनी दुसरा अनुभव आला. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५६ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांच्या नव्या आवृत्तीची घोषणा केली, वर्गणी गोळा केली आणि पुढील वर्षाच्या अखेरीपर्यंत काम पुरे होईल असे आश्वासन दिले. ते वर्ष उलटले, त्यामागून आणखी वर्षे गेली. पैसे घेऊन पुस्तक कोठे आहे, असा जाहीर टोमणा चार्ल्स चर्चिल या कवीने १७६२ मध्ये मारला. अखेर आवृत्ती निघाली ती १७६५ मध्ये, म्हणजे कबूल केलेल्या मुदतीनंतर सुमारे आठ वर्षांनी. वर्गणीदारांची यादी ग्रंथात का छापली नाही, याचे कारण जॉन्सन यांनी मोकळेपणाने सांगितल्याची आख्यायिका बॉस्वेलने नोंदवली आहे : नावे हरवली होती आणि पैसे खर्च होऊन गेले होते! गंमत अशी की, ती आवृत्ती उत्तम निघाली, आणि तिची प्रस्तावना इंग्रजी समीक्षेत आजही मानाने वाचली जाते. वर्गणीदारांची फसवणूक झाली नाही. झाली ती केवळ प्रतीक्षा. परंतु १७६० मध्ये त्यांच्यापैकी कोणालाही हे ठाऊक नव्हते, हे विसरता येत नाही.

फ्रान्समधील विश्वकोशाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. दिदरो आणि दालांबेर यांच्या या प्रचंड उपक्रमाचे विवरणपत्रक १७५० मध्ये निघाले, त्या वेळी मजकुराचे आठ आणि चित्रांचे दोन असे दहा खंड २८० लिव्ह्र किमतीत देण्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात काम वाढत वाढत मजकुराचे सतरा आणि चित्रांचे अकरा खंड झाले, १७७२ पर्यंत चालले, आणि मूळ वर्गणीदाराला एकंदर ९८० लिव्ह्र मोजावे लागले. १७५९ मध्ये राजसत्तेने ग्रंथाचा परवाना रद्द केला आणि प्रत्येक वर्गणीदारास ७२ लिव्ह्र परत करावेत असा हुकूम काढला. प्रकाशकांनी ती रक्कम चित्रखंडांच्या खात्यात वळवून वेळ मारून नेली. इतकेच नव्हे, तर मुद्रक ल ब्रेताँ याने राजरोषाच्या भीतीने दिदरोच्या नकळत अनेक लेखांतील तिखट भाग कापून टाकले, आणि ही गोष्ट संपादकाला कळली ती १७६४ मध्ये, पुष्कळसे पत्रे छापून झाल्यावर. म्हणजे वर्गणीदारांनी ज्या ग्रंथाला पैसे दिले होते तो ग्रंथ आणि त्यांच्या हाती पडलेला ग्रंथ एकच नव्हता. ल्युनो द ब्वाजेरमाँ नावाच्या एका वर्गणीदाराने प्रकाशकांविरुद्ध दावा लावला, तो वर्षानुवर्षे चालला आणि अखेर तो हरला. तरीही जगाच्या ज्ञानेतिहासात या विश्वकोशाचे स्थान अढळ आहे, आणि तो वर्गणीदारांच्या पैशांवाचून कधीच उभा राहिला नसता.

महाराष्ट्रालाही हा अनुभव अपरिचित नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' उभारला तो भागभांडवलाची मंडळी काढून आणि आगाऊ वर्गणीदार मिळवून. एकाही खंडाची शाई वाळलेली नसताना घरोघर, गावोगाव हिंडून लोकांना ज्ञानकोशाचे महत्त्व पटवावे लागले. तेवीस खंड पुरे झाले तेव्हा केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने त्या खटाटोपाचा इतिहासच लिहिला. ज्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी तुटपुंज्या मिळकतीतून ही वर्गणी भरली, त्यांनी खरे पाहता पुस्तक विकत घेतले नव्हते. त्यांनी एका माणसाच्या चिकाटीवर पैसे लावले होते.

या साऱ्या उदाहरणांत एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. चार्ल्स डिकन्सच्या 'एडविन ड्रूड' या कादंबरीचे बारा मासिक भाग निघावयाचे होते, परंतु १८७० मध्ये लेखकाला मृत्यू आला आणि सहाच भाग प्रसिद्ध होऊ शकले. रहस्य कायमचे रहस्यच राहिले. तथापि वाचकाचे आर्थिक नुकसान झाले नाही, कारण त्याने प्रत्येक भागाचे पैसे तो भाग हाती घेऊन दिले होते. आगाऊ दिलेले पैसे आणि हातातल्या वस्तूचे दिलेले पैसे यांतील हा फरक पुढील सर्व विवेचनाची गुरुकिल्ली आहे.

आता संगणकाच्या युगाकडे वळू. स्वीडनमधील मार्कुस पर्सन या तरुणाने २००९ च्या मे महिन्यात 'माइनक्राफ्ट' नावाच्या खेळाचे एक ओबडधोबड रूप लोकांपुढे ठेवले, आणि पुढच्याच महिन्यात ते सुमारे दहा युरोंना विकावयास काढले. खेळ पुरा झाल्यावर जी किंमत पडणार होती तिच्या निम्म्याने ही किंमत होती. खेळ जसजसा वाढला तसतशी किंमतही वाढली. प्रारंभी घेणाऱ्याला पुढील सुधारणा फुकट मिळणार होत्या. म्हणजे जोखमीचा मोबदला स्वस्ताईच्या रूपाने ग्राहकाच्या पदरात पडत होता. पूर्ण आवृत्ती २०११ च्या नोव्हेंबरात आली, आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरांना विकत घेतली. या यशाने अनेकांचे डोळे दिपले. मार्च २०१३ मध्ये वाल्व्ह कंपनीने आपल्या 'स्टीम' या विक्रीकेंद्रावर अपुऱ्या खेळांसाठी स्वतंत्र दालनच उघडले. प्रारंभी त्यात अवघे बारा खेळ होते. पाहता पाहता ती संख्या हजारांवर गेली.

या दालनातून उत्तम खेळ निघाले, हे निःसंशय. 'सबनॉटिका' हा समुद्रतळाचा खेळ २०१४ च्या डिसेंबरात अपुरा आला आणि २०१८ च्या जानेवारीत पुरा झाला. 'हेडीझ' २०१८ पासून २०२० पर्यंत खेळाडूंच्या देखतच घडत गेला. बेल्जमच्या लारियन मंडळींनी 'बाल्डर्स गेट ३'चा केवळ पहिला अंक २०२० च्या ऑक्टोबरात पूर्ण किमतीला विकला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये संपूर्ण खेळ हाती दिला. त्या वर्षीचे मानाचे पुरस्कार त्याने मिळवले. 'डे झी' या खेळाला डिसेंबर २०१३ ते डिसेंबर २०१८ अशी पाच वर्षे लागली. त्याचा मूळ कर्ता डीन हॉल मध्येच निघून गेला, पण जॉन्सनच्या आवृत्तीप्रमाणे खेळ उशिरा का होईना पुरा झाला.

याच्या उलट बाजूही आहे. 'स्पेसबेस डीएफ-९' हा खेळ २०१३ मध्ये मोठ्या योजनांसह आला. वर्षभराने पुरेसे पैसे जमेनात म्हणून ठरलेल्यांपैकी कितीतरी गोष्टी तशाच सोडून तो 'पूर्ण' म्हणून जाहीर करण्यात आला. 'स्टार सिटिझन' या अंतराळखेळासाठी २०१२ पासून लोकांकडून जमलेली रक्कम ७० कोटी डॉलरांच्या वर गेली. मूळ संकल्पाप्रमाणे तो २०१४ मध्ये यावयाचा होता, पण दहा वर्षे उलटूनही तो पुरा झाला नव्हता.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र एकाच नावाच्या दोन खेळांचे आहे. मेक्सिकोतील स्क्वाड या लहानशा कंपनीने 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा अग्निबाण बांधण्याचा खेळ २०११ मध्ये कच्च्या स्वरूपात लोकांना दिला. प्रारंभीचे मोल अगदी थोडे होते, ते खेळाबरोबर वाढत गेले, आणि २०१५ मध्ये पूर्ण आवृत्ती आली. मधल्या काळात, एप्रिल २०१३ अखेरपर्यंत खेळ घेतलेल्यांना पुढील सर्व विस्तार फुकट मिळतील, असा शब्द कंपनीने दिला. पाच वर्षांनी पहिला विस्तार निघाला तेव्हा तो शब्द पाळला गेला. या पुण्याईवर त्याच नावाचा दुसरा भाग २०२३ च्या फेब्रुवारीत आला. आता मागे मोठी कंपनी होती, किंमत पन्नास डॉलर होती, आणि हाती मिळणारा खेळ मात्र जुन्यापेक्षाही अपुरा होता. २०२४ मध्ये तो घडवणारी कार्यशाळाच बंद करण्यात आली. पहिल्या खेळाने जमवलेला विश्वास दुसऱ्याने खर्च केला, असेच म्हणावे लागते.

येथे एक गोष्ट खेळांच्या बाबतीत निराळी आहे, तीही न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. होमरचे भाषांतर वर्गणीदारांच्या सूचनांनी सुधारत नव्हते. खेळ सुधारतो. लक्षावधी खेळाडूंनी दाखवलेल्या चुका, सुचवलेले बदल यांतून पुष्कळ खेळ घडले आहेत. पण याचीच दुसरी बाजू अशी की, पूर्वी जे परीक्षण पगारी माणसांकडून करवून घेतले जाई, ते आता ग्राहक स्वतः पैसे देऊन करतो. ज्याला घडण पाहण्यातच आनंद आहे, त्याला हा सौदा महाग वाटणार नाही. ज्याला दिवसभराच्या कामानंतर दोन घटका निर्वेध करमणूक हवी आहे, त्याने मात्र दुसऱ्याच्या कारखान्यात फुकट राबण्यासाठी तिकीट काढू नये.

ग्राहकाच्या संरक्षणाचे काय? स्टीमने २०१४ मध्येच स्पष्ट केले की काही मंडळींना आपला खेळ पुरा करता येणार नाही, आणि खेळ आज ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत आवडत असेल तरच तो घ्यावा. २०१५ च्या जून महिन्यापासून, विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास, पैसे परत मागण्याची सोय झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस भारतीय ग्राहकाला रुपयांतही खरेदी करता येऊ लागली, आणि पुण्यातला वा इंदूरमधला विद्यार्थी या बाजारात सहज उतरू लागला. परंतु ही सोय नीट समजून घेतली पाहिजे. दोन तासांत खेळ आज कसा आहे हे कळते. तो तीन वर्षांनी पुरा होईल की नाही हे कळत नाही. फ्रान्सच्या राजाने निदान ७२ लिव्ह्र परत देण्याचा हुकूम काढला होता. सोडून दिलेल्या खेळाच्या ग्राहकासाठी तसा हुकूम सहसा कोणी काढत नाही.

मग निर्णय कोणता? तीनशे वर्षांचा इतिहास असे सांगत नाही की अपुऱ्या वस्तूला हातच लावू नये. तसे झाले असते तर इंग्रजी 'इलियड', फ्रेंच विश्वकोश आणि मराठी ज्ञानकोश यांतले काय उरले असते, हा प्रश्नच आहे. इतिहास सांगतो ते एवढेच की, ग्राहकाने आपण काय विकत घेत आहोत हे स्वतःशी स्पष्ट करावे. आज हाती येणारा खेळ, जसा आहे तसा, मागितलेल्या किमतीचा आहे काय? असेल, तर तो डिकन्सच्या वाचकासारखा सुरक्षित आहे. पुढचे भाग आले नाहीत तर त्याला हळहळ वाटेल, पण तो नाडला जाणार नाही. नसेल, तर तो जो जादा पैसा देतो ती किंमत नव्हे, वर्गणी आहे. वर्गणी देताना कर्त्याचे पूर्वीचे काम पाहावे, त्याने याआधी दिलेले शब्द पाळले की नाही हे पाहावे, किमतीत जोखमीची सूट आहे काय हेही पाहावे, आणि बुडाली तरी घरखर्चाला झळ लागणार नाही एवढीच रक्कम द्यावी. मोठे नाव किंवा मोठे भांडवल यांवर विसंबू नये. कर्बलच्या दोन खेळांनी तो भ्रम पुरता दूर केला आहे.

घेणाऱ्याइतकाच हा प्रश्न देणाऱ्याचाही आहे. अर्धवट सुटलेला प्रत्येक खेळ पुढच्या प्रामाणिक कारागिराचा एक ग्राहक कमी करतो. अशा एखाद्या नव्या कारागिराकडे भांडवल नसते, कंपनी नसते. पोपकडे किंवा केतकरांकडे होते तेवढेच त्याच्याकडे असते : एक कल्पना, आणि ती पुरी करण्याचा शब्द. तो शब्द बाजारात चालावा असे वाटत असेल, तर आज जे पैसे घेत आहेत त्यांनी काम पुरे केले पाहिजे, किंवा ते पुरे होत नाही हे वेळेवर आणि स्पष्टपणे सांगितले पाहिजे.