शब्दवेध : रेफरी

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका-खेळ आला, तेव्हा खेळ चालवणाऱ्याला पुस्तकात ‘रेफरी’च म्हटलं होतं. मूळ लॅटिन धातूचा अर्थ परत नेणं. वाद ज्याच्याकडे न्यायचा तो रेफरी. खेळात रेफरी ठेवण्याचा वारसा प्रशियाच्या लष्करी युद्धखेळाचा. तिथेच व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने 1876 मध्ये कोष्टकं नि फासे बाजूला सारून सगळी भिस्त पंचाच्या अनुभवावर ठेवली. म्हणजे नियम की पंच, हे भांडण जुनंच! 1991 च्या ‘व्हॅम्पायर’ या भूमिका-खेळाने तर पंचाला ‘स्टोरीटेलर’ करून टाकलं. खेळाडूला कुलूपबंद दार फोडायचंय. रेफरी फासा टाकायला लावतो. स्टोरीटेलर आधी पलीकडे कोण रडतंय ते ठरवतो. मला रेफरीच बरा वाटतो. त्याच्याकडे कथा अडली म्हणून दार आपसूक उघडत नाही.