जागा शिल्लक नाही

सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला जागेचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. कपाटे भरतात, कपाटांवर गठ्ठे चढतात, मग गठ्ठे जमिनीवर उतरतात, आणि पावसाळ्यात भिंतीला ओल आली की वरून हुकूम येतो, अमुक वर्षांपूर्वीच्या फायली काढून टाका. काढायचे काय आणि ठेवायचे काय, हे ठरवणारा माणूस बहुधा माझ्यासारखा कारकूनच असतो. त्यामुळे व्हिडिओ गेमच्या इतिहासात याच प्रश्नाने चाळीस वर्षे कसा पिच्छा पुरवला, हे वाचताना मला आपल्याच खात्यातले काहीतरी वाचतोय असे वाटत राहिले. वाचकहो, विषय पोरांचा आहे म्हणून पान उलटू नका. गोष्ट मोठ्यांचीच आहे.

आमच्या पिढीला हा प्रश्न नव्हता. नव्वदच्या दशकात म्हापशाच्या, मडगावच्या बाजारात जी टीव्हीला जोडायची खेळयंत्रे मिळत (ती मूळ जपानी यंत्राच्या नकला होत्या, हे फार नंतर कळले), त्यात कॅसेट खोचायची आणि खेळायचे. खेळ कॅसेटच्या चिपमध्ये कायमचा कोरलेला. कॅसेटवर ९९९९ खेळ असे छापलेले असे आणि आत दहा-बाराच खेळ नावे बदलून फिरत. पण जे होते ते पुसले जात नसे. खेळ ही वस्तू होती, तवा-तांब्यासारखी.

प्रश्न सुरू झाला तो खेळ वस्तूपासून वेगळा झाला तेव्हा. याची एक सुरुवातीची धडपड अमेरिकेत १९८३ साली झाली. विल्यम फॉन माइस्टर नावाच्या उद्योजकाने ‘गेमलाइन’ काढली. अटारी २६०० यंत्रात खोचायचा एक मोडेम, त्याला टेलिफोनची तार, आणि तारेवरून खेळ घरात. आलेला खेळ ठरावीक वेळा खेळता येई, मग पुन्हा फोन आणि पुन्हा पैसे. धंदा बुडाला, कारण त्याच वर्षी अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा सगळा बाजारच कोसळला. त्या कंपनीच्या राखेतून पुढे अमेरिका ऑनलाइन उभी राहिली, पण तो वेगळा विषय.

खरी मौज जपानमध्ये. फेब्रुवारी १९८६ मध्ये निन्टेण्डोने आपल्या फॅमिकॉम यंत्राला जोडायचा डिस्क सिस्टीम हा जोडभाग आणला. त्याच्या छोट्या पिवळ्या डिस्कच्या प्रत्येक बाजूला सुमारे ६४ केबी माहिती मावे. आज मोबाइलवरचा एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. पण महत्त्वाची गोष्ट डिस्क नव्हे. महत्त्वाचे म्हणजे दुकानांत ठेवलेले डिस्क रायटर नावाचे यंत्र. मुलाने आपली डिस्क घेऊन दुकानात जायचे, ५०० येन द्यायचे, आणि डिस्कवरचा जुना खेळ पुसून नवा भरून घ्यायचा. नव्या कॅसेटच्या तुलनेत हे पैसे काहीच नव्हते. सोबत नव्या खेळाचा माहितीचा कागद मिळे.

आता त्या मुलाच्या जागी उभे राहून बघा. हातात एक डिस्क. तिच्यावर महिनाभर रात्री जागवलेला खेळ. समोर नवा. दोन्ही ठेवायचे तर नवी डिस्क घ्यावी लागणार आणि ती ५०० येनांत येत नाही. जुना पुसला की पुसला. परत हवा असेल तर पुन्हा ५०० येन. माझ्या मते घरगुती खेळांच्या इतिहासात ‘ठेवू की पुसू’ हा निर्णय खेळणाऱ्याच्या गळ्यात पहिल्यांदा खऱ्या अर्थाने इथे पडला. ती यंत्रे दुकानांतून हळूहळू नाहीशी झाली, तरी पुनर्लेखनाची सेवा निन्टेण्डोने २००३ पर्यंत चालू ठेवली होती, हे मात्र कौतुकास्पद.

सेगा कंपनीने १९९४ च्या डिसेंबरात अमेरिकेत केबल टीव्हीच्या तारेवरून खेळ द्यायला सुरुवात केली. सेगा चॅनेल. महिन्याची वर्गणी भरा, पन्नासच्या आसपास खेळांतून हवा तो निवडा. यात साठवणच नव्हती! जोडयंत्रात ४ एमबीची तात्पुरती स्मृती. वीज बंद केली की खेळ गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवून घ्या. महिन्याअखेर यादी बदलली की आवडता खेळ यादीतूनही जाई. १९९८ मध्ये हे सगळे बंद पडले. आमच्याकडे सत्तरच्या दशकात दर आठवड्याला गावात येणाऱ्या तंबूतल्या सिनेमाबद्दल वडीलधारी मंडळी बोलत, तशातला प्रकार. तंबू उठला की उठला.

जपानमध्ये निन्टेण्डोने एप्रिल १९९५ मध्ये चक्क उपग्रहावरून खेळ पाठवले. त्या जोडयंत्राचे नाव सॅटेलाव्ह्यू, आणि प्रक्षेपण सेंट गिगा या रेडिओ कंपनीचे. ठरलेल्या वेळी यंत्रासमोर बसायचे, खेळ आकाशातून यायचा आणि एका मेमरी पॅकमध्ये साठायचा. त्या पॅकची क्षमता होती ८ मेगाबिट, म्हणजे १ एमबी. त्यात थोडेच मावे. नवा खेळ आला की जुन्याला जागा रिकामी करावी लागे. काही खेळ तर ठरावीक वेळा उघडले की पुढे उघडत नसत. ‘झेल्डा’ची जी खास आवृत्ती त्याच वर्षी प्रक्षेपित झाली, तिच्यात नटांचे आवाज आणि संगीत रेडिओसारखे थेट चालू असे. तो आवाज पॅकमध्ये साठतच नव्हता. ज्याने व्हिडिओ टेपवर ध्वनिमुद्रण केले त्याच्याकडेच तो राहिला.

सेवा जून २००० मध्ये बंद झाली. आणि इथे गोष्टीला असे वळण लागते की मी ते वाचताना चहा गार करून बसलो. आज जगभरचे संग्राहक जुने मेमरी पॅक विकत घेतात, ते केवळ आत काय उरले आहे हे बघायला. त्या प्रक्षेपणातले कित्येक खेळ आणि मासिकवजा कार्यक्रम असेच परत मिळाले आहेत. म्हणजे कुणा जपानी मुलाने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जे पुसायचा कंटाळा केला, तेवढाच त्या इतिहासाचा भाग शिल्लक आहे. शिस्तीने जागा मोकळी करणाऱ्या मुलांकडचे गेले, आळशांकडचे राहिले. हा न्याय मला विचित्र वाटतो, पण पटतोही. आमच्या पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते, दियोगु दु कौतु या इतिहासकाराकडे तेव्हा ते काम सोपवले होते. असे राखणारे हात सगळ्यांच्या नशिबी नसतात. उरलेल्या जगात कागद टिकतात ते बहुधा कुणीतरी माळा झाडला नाही म्हणून.

सॅटेलाव्ह्यू चालू असतानाच, १९९७ मध्ये, निन्टेण्डोने दुकानाचा जुना मार्ग पुन्हा धरला होता. लॉसन नावाच्या दुकानांच्या साखळीत कोरी कॅसेट घेऊन जायची आणि तिच्यात खेळ भरून घ्यायचे. या कॅसेटचे आठ खण होते. खेळांची यादी दाखवणारा पडदा एक खण अडवी, उरलेल्या सातांत लहान खेळ सात मावत. मोठा खेळ असेल तर तो एकटाच आठही खण व्यापी, मग यादीही नाही. आमच्या रेकॉर्ड रूममधल्या रॅकची वाटणी याहून वाईट असते. हीही सेवा २००७ मध्ये थांबली.

त्याच सुमारास घराघरांत इंटरनेट पोचले आणि प्रश्न जपानबाहेर आला. २००६ अखेर आलेल्या निन्टेण्डोच्या ‘वी’ या यंत्रात साठवणीला फक्त ५१२ एमबी होते, आणि त्यातलाही मोठा वाटा यंत्राच्या स्वतःच्या कारभारात जाई. जागा मोजायची ती ‘ब्लॉक’मध्ये, एक ब्लॉक १२८ केबीचा. खेळणाऱ्याच्या हाती दोन हजारांवर ब्लॉक. सुरुवातीला जुने, छोटे खेळ विकत होते तोवर ठीक होते. २००८ मध्ये खास या यंत्रासाठी नवे खेळ दुकानात आले, त्यांना कंपनीने ४० एमबीची मर्यादा घातली. चाळीस एमबी म्हणजे ३२० ब्लॉक. सहा-सात मोठे खेळ घेतले की घर भरले.

एसडी कार्डाची खाच यंत्राला होतीच. पण कार्डावर खेळ ठेवता येई, तिथून चालवता येत नसे! खेळायचे तर आधी आत आणा, आत आणायला दुसरे काहीतरी बाहेर काढा. कुवेतहून सुट्टीवर आलेल्या माझ्या मावसभावाने ‘वी’ आणला होता, त्याच्या घरी हा उद्योग मी पाहिलेला आहे; रविवारची अर्धी सकाळ नुसती हलवाहलवीत जाई आणि भुरगी कंटाळून अंगणात क्रिकेट खेळायला पळत. शेवटी मार्च २००९ मध्ये कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी नवी व्यवस्था जाहीर केली. ३२ जीबीपर्यंतचे कार्ड चालू लागले आणि खेळ थेट कार्डावरून सुरू करता येऊ लागले. ‘थेट’ हेही दिसायला. आतून यंत्र तो खेळ तात्पुरता स्वतःच्या स्मृतीत उतरवूनच चालवी, तेवढी जागा आत मोकळी ठेवावीच लागे. पण हमाली यंत्राने केली, माणसाने नाही.

मर्यादेचा फटका खेळ करणाऱ्यांनाही बसला. ‘सुपर मीट बॉय’ हा नावाजलेला खेळ ‘वी’वर यायचा होता, तो ४० एमबीत मावेना म्हणून ती आवृत्तीच सोडून द्यावी लागली. मायक्रोसॉफ्टची तऱ्हा अशीच होती. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० ची स्वस्त आवृत्ती हार्ड डिस्कशिवाय विकली जाई, आणि तिच्या मेमरी कार्डात ६४ एमबी, म्हणून छोट्या खेळांना ५० एमबीची सीमा. २००७ मध्ये ‘कॅसलव्हेनिया’ मालिकेतल्या एका जुन्या गाजलेल्या खेळासाठी अपवाद केला, मग सीमाच १५० वर नेली, २००८ मध्ये ३५० वर, आणि नंतर २ जीबीवर. सोनीने मात्र प्लेस्टेशन ३ मध्ये साधी, बाजारात मिळणारी हार्ड डिस्क बसवू दिली. या बाबतीत त्या काळात सर्वांत शहाणपण तिथेच होते असे मी म्हणेन.

आता आकडे फुगले, प्रश्न तोच. प्लेस्टेशन ५ मूळ रूपात ८२५ जीबीचे, वापरायला मिळतात त्यातले सुमारे ६६७. आणि ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या एका खेळाने आधीच्या पिढीतच २०० जीबी ओलांडले होते. निन्टेण्डो स्विचवर खेळ ‘संग्रहित’ करण्याची सोय आहे. मजकूर पुसला जातो, चित्र तेवढे पडद्यावर राहते, हवा तेव्हा पुन्हा उतरवून घ्या.

ते पुन्हा उतरवून घेणे दुकान उघडे असेपर्यंत. ‘वी’चे दुकान ३० जानेवारी २०१९ रोजी बंद झाले. घेतलेले खेळ परत उतरवण्याची मुभा ठेवली होती, पण २०२२ मध्ये तीही काही महिने बंद पडली आणि लोकांच्या तोंडचे पाणी पळाले. कोनामी कंपनीचा ‘पी. टी.’ हा भयखेळ ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ वर फुकट आला. पुढचा मोठा खेळ रद्द झाल्यावर एप्रिल २०१५ अखेर तो दुकानातून काढून टाकला, आणि ज्यांनी आधी घेतला होता त्यांनाही परत उतरवता येईना. ज्यांच्या डिस्कवर तो होता त्यांची यंत्रे लिलावाच्या संकेतस्थळावर भलत्या किमतींना विक्रीस लागली. जागेसाठी कुणी तो खेळ आदल्या आठवड्यात पुसला असेल, तर त्याला सांगायलाही कुणी आले नसणार.

आमच्याकडे निदान फाइल नष्ट करण्याआधी यादी होते, तिच्यावर सही लागते आणि ती यादी जपून ठेवावी लागते.