आईची मांडी आणि कलम 194-ब

सांताक्रूझ विमानतळाबाहेर कित्येक दशके टॅक्सी म्हणजे काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी. मागचे आसन सलग बाकासारखे. पट्टे तेथे बहुधा नसतच. तान्हे मूल आईच्या मांडीवर, आणि याहून सुरक्षित जागा नाही अशी सर्वांची समजूत.

गणित मात्र निष्ठुर आहे. ताशी 40 किलोमीटर वेगातली गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर 10 किलोचे बाळ धरून ठेवण्यास क्विंटलाहून अधिक वजन पेलण्याइतका जोर लागतो. स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी 1960 च्या दशकातच अंतराळवीरांच्या आसनावरून उलट्या तोंडाचे बालासन सुचवले होते. धक्का मानेवर न येता पाठभर पसरावा म्हणून.

भारतात 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 194-ब आले. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना वा बालासनाविना नेल्यास दंड 1000 रुपये, आणि तो प्रथम चालकावर. पण ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत आसन आणायचे कोणी? चालकाच्या डिकीत सीएनजीची टाकी. आईबापांनी आणावे, तर उतरल्यावर ते दिवसभर वाहायचे. याविषयी कलम अवाक्षर काढत नाही.

ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. नव्या गाड्यांत मागे पट्टे आहेत. ते मोठ्यांच्या मापाचे.