भाकर आणि पायपीट : एका हिशेबाचा इतिहास

शेलूबाजारच्या हमरस्त्यावर पूर्वी पहाटे बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज असे. आता त्या वेळी झपझप चालणारी माणसे भेटतात. कोणी दुकानदार, कोणी मास्तर, कोणी नुकतेच निवृत्त झालेले. पोळी, भात, साखर सोडून वजन उतरविण्याचे व्रत यांतल्या अनेकांनी घेतलेले असते आणि त्यांचा प्रश्न एकच असतो : किती खायचे आणि किती चालायचे? प्रश्न डॉक्टरांचा खरा. पण त्याला मोठा इतिहास आहे. तो ठाऊक असला तर निम्म्या चुका टळतील, असे आम्हांला वाटते.

लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ होते. अंत्यविधीची व्यवस्था पाहणे हा त्यांच्या घराण्याचा धंदा. राजघराण्याचे कामही त्यांच्याकडेच असे. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन 202 पौंड, म्हणजे सुमारे 92 किलो. वाकून बुटाचा बंद बांधता येईना, जिना उलट्या पावलांनी उतरावा लागे. व्यायामाचा सल्ला मिळाला म्हणून त्यांनी पहाटे दोन दोन तास होडी वल्हवली. अंगात जोम आला, पण भूकही अशी खवळली की वजन घटायचे राहून उलट वाढले. पुढे ऑगस्ट 1862 मध्ये, ऐकू कमी येते म्हणून, ते कानाचे डॉक्टर विल्यम हार्वी यांच्याकडे गेले. हार्वींनी 1856 च्या सुमारास पॅरिसला क्लोद बर्नार यांची यकृत आणि साखर यांवरील व्याख्याने ऐकली होती. (व्याख्याने ऐकण्याचा उपयोग होतो, तो असा!) त्यांनी पाव, साखर, बटाटे, बिअर, दूध आणि लोणी बंद केले, मांस, मासळी, भाजी चालू ठेवली. वर्षभरात 46 पौंड उतरले. 1863 मध्ये बँटिंग यांनी स्वखर्चाने छोटी पुस्तिका काढली आणि त्यांचे आडनाव इंग्रजीत क्रियापद होऊन बसले.

आपल्याकडे चरकाला हा रोग ठाऊक नव्हता असे नव्हे. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात स्थूल माणसाची भूक तीव्र असते, हे त्याने हेरले आहे. म्हणून त्याला द्यायचे अन्न पचायला जड, पण पोषणाला हलके असावे, असा त्याचा विचार आहे. भूक शमावी, मेद मात्र वाढू नये.

आता याच हिशेबाची उलटी बाजू पाहू. 1877 च्या दुष्काळात देशावर हजारो माणसे सरकारी कामांवर दगड फोडीत होती. त्यांची मजुरी ठरविण्यात सर रिचर्ड टेंपल यांचा शब्द चालला. हेच टेंपल 1862 ते 1867 या काळात नागपूरला मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे, असे त्यांचे मत. एक पौंड धान्य म्हणजे जेमतेम 1,600 उष्मांक. खोदकाम करणाऱ्या गड्याला याच्या दीडपट-दुप्पट लागतात. पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जांवर अर्ज केले, मजुरांनी कामे सोडली. मद्रासेत डॉक्टर कॉर्निश यांनी वाळलेली शरीरे पुढे करून वाद घातला आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात तिथे मजुरी वाढली.

बँटिंग यांनी फक्त श्रम वाढवून पाहिले, तेव्हा भूक वाढली. टेंपल यांनी फक्त अन्न तोडले, तेव्हा माणूसच खचला. खाणे आणि श्रम ही पारडी एकाच दांडीला टांगलेली आहेत. एक हलले की दुसरे हलतेच.

टेंपल यांच्या वेळी अन्नातील उष्मांकांचे भरवशाचे कोष्टक नव्हते. ते 1890 नंतर अमेरिकेत ॲटवॉटर यांनी बसविले : पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅमला 4 उष्मांक, स्निग्धाला 9. त्यावरून आपल्या घरचा हिशेब करू. साठ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकर म्हणजे सुमारे 210 उष्मांक. सत्तर किलोचा माणूस साडेचार किलोमीटर चालला, की सुमारे तेवढेच खर्च होतात. म्हणजे शेलूबाजारच्या बाहेर जाऊन परत येणारी सगळी पायपीट एका भाकरीची! आणि भाकर सोडली म्हणून मूठभर, पन्नास ग्रॅम शेंगदाणे तोंडात टाकले, तर 280 उष्मांक पोटात गेले. भाकर ताटात दिसते, दाणे दिसत नाहीत. ‘पिष्ट सोडले, आता कितीही खा’ म्हणणारे इथेच फसतात.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात, त्यात पाणीच फार असते. शरीरात साठलेल्या पिष्टाचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतो. साठा गेला की पाणी जाते. पुढे काटा थबकला की माणसे घाबरून जेवण आणखी तोडतात आणि चालणे दुप्पट करतात. मग मेदाबरोबर स्नायूही झिजतात. अशा वेळी वरण, ताक, अंडे आणि थोडे वजन उचलणे यांचा उपयोग अधिक.

महाराष्ट्रात या विषयाला वळण दिले ते नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (1954–2004) आणि त्यांच्या विचारावरून पुढे गेलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. दीक्षितांच्या पद्धतीत उष्मांक मोजायचे नाहीत. दिवसातून दोनदाच, प्रत्येकी 55 मिनिटांत जेवायचे आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. मोजण्याचा जाच नको असलेल्यांना ते सोपे वाटले, यात नवल नाही. मात्र जे इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून असले काही सुरू करू नये. साखर एकदम खाली येऊन माणूस रस्त्यातच कोसळू शकतो.

आणखी एक गोष्ट. हा सारा हिशेब गादीवर बसणाऱ्याचा आहे. दिवाळीच्या सुमारास आपल्या शिवारात दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई घरी आली, की तिच्यापुढे हा आहारतक्ता ठेवण्याचे कारण नाही. तिला तिची भाकर पुरी मिळते का, एवढेच पाहायचे.