चिपाडाची पत्रावळ

मराठीत ‘चिपाड’ म्हणजे रस निघून गेलेले, टाकाऊ. माणसाचेही चिपाड होते. गुऱ्हाळाने मात्र ते कधी टाकले नाही, चुलवणात घालून त्यावरच काहील तापवली. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. चुलवणाचा बॉयलर झाला, इंधन तेच राहिले. शंभर टन उसामागे सुमारे तीस टन चिपाड! त्याचाच लगदा तापल्या साच्यात दाबून ताटल्या होतात. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर त्या पंगतींत अधिक दिसू लागल्या. पळसाच्या पत्रावळीला ना लगदा लागे, ना साचा. पाने, काड्या आणि दोन हात पुरत. त्या हातांसाठी या नव्या पंगतीत पान मांडले आहे काय, हे आम्ही विचारतो.