मिस्सेतला नमस्कार

आपल्याकडच्या अनेक कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेत एकमेकांना शांती देण्याची वेळ आली, की लोक शेजाऱ्याकडे वळून हात जोडतात आणि किंचित मान लववतात. हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे, की ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असावे असे वाटते. प्रत्यक्षात या नमस्काराला रोमची लेखी परवानगी मिळाली ती २५ एप्रिल १९६९ रोजी.

मुळात पहिल्या शतकांतले ख्रिस्ती प्रार्थनेत हात जोडत नसत. रोमच्या भुयारी दफनस्थळांतल्या भिंतीचित्रांत भक्त दोन्ही हात पसरून, तळवे वर करून उभे दिसतात. गुडघे टेकणे ही पश्चात्तापाची खूण होती. म्हणून ३२५ साली निकियाच्या परिषदेने नियमच केला, की रविवारी आणि ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत प्रार्थना उभ्यानेच करायची. पुनरुत्थानाच्या आनंदात गुडघे कसले टेकायचे?

मध्ययुगात युरोपचे रीतिरिवाज बदलले. मांडलिक आपल्या धन्यापुढे गुडघे टेकी, जोडलेले हात त्याच्या हातांत देई आणि निष्ठेची शपथ घेई. जोडलेल्या हातांची प्रार्थना याच रिवाजातून आली, असे अनेक अभ्यासक मानतात. साधारण १२०० च्या सुमारास पॅरिसकडे धर्मगुरू पवित्र भाकर उंच धरून लोकांना दाखवू लागले आणि त्या क्षणी गुडघ्यांवर येण्याची चाल पसरत गेली. पुढे १५७० मध्ये पोप पाचव्या पायस यांच्या मिस्साग्रंथाने धर्मगुरूने कधी गुडघा टेकायचा हे नेमून दिले. दरबारी अदब अशी वेदीपर्यंत पोहोचली.

पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली ती हीच तयार रीत. गोव्यात तर १७३६ च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायासनाच्या, फर्मानाने ख्रिस्ती घरांत तुळस लावायला आणि पुरुषांनी धोतर नेसायलाही बंदी केली. मदुराईत जेझुइट मिशनरी रोबेर्तो दे नोबिली यांची वाट वेगळी होती. नवख्रिस्तींनी जानवे, शेंडी, गंध ठेवायला त्यांनी १६२३ मध्ये रोमची मान्यता मिळवली. पण १७४४ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी अशा स्थानिक प्रथांवर, म्हणजे ‘मलबार रीतीं’वर, कडक बंधने घातली आणि ती पाळण्याची शपथ मिशनऱ्यांना थेट १९४० पर्यंत घ्यावी लागे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत स्थानिक संस्कृतीला दार उघडले. त्यानंतर बंगळुरूच्या राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्राचे फादर अमलोरपवदास यांच्या पुढाकाराने उपासनेत भारतीय रीती आणण्याचे बारा मुद्दे आकाराला आले. १९६९ ची परवानगी मिळाली ती यांनाच, आणि शांती देतानाचा नमस्कार त्यांतलाच एक. गुडघा टेकण्याऐवजी अंजली जोडून लवणे, पंचांग प्रणाम, जमिनीवर बसणे, पादत्राणे बाहेर काढणे, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, वेदीवरच्या चौकोनी वस्त्राऐवजी ताट, फुले-धूप-दीप यांची आरती. वेदीचे चुंबन घेण्याऐवजी ती बोटांनी स्पर्शून हात कपाळाला लावायची मुभाही त्यांत होती. म्हणजे पोथीला आपला पाय लागला तर आपण जे करतो, तेच.

विरोधही लगेच झाला. काहींना यात धर्माचे हिंदूकरण दिसले. दलित ख्रिस्ती विचारवंतांचा आक्षेप अधिक बोचरा होता. त्यांचे म्हणणे असे, की ‘भारतीय’ म्हणून निवडलेल्या या खुणा बहुतांशी उच्चवर्णीय आहेत. ज्यांना देवळाच्या पायरीवरही येऊ दिले नाही, त्यांना त्या आपल्या का वाटाव्यात? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. बारा मुद्दे ऐच्छिक होते, त्यामुळे काही आश्रमांत ते सगळे रुजले, शहरी पॅरिशमध्ये मात्र मोजकेच.

‘मूळची रीत’ म्हणून गुडघा टेकण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी निकियाचा नियम आठवावा आणि नमस्काराला सरसकट ‘भारतीय’ म्हणणाऱ्यांनी दलितांचा आक्षेप. आदर दाखवायची रीत दर काळी आसपासच्या समाजाकडूनच घेतली गेली आहे. ती कोणाच्या घरातून घेतली, हे मात्र प्रत्येक वेळी विचारायलाच हवे.