चांदा मुलुखातील स्थळनिश्चिती

वार्षिक मेळाव्याचे स्थळ दरसाल नव्याने मुक्रर करण्याची रीत चांदा मुलुखाला मुळात परकी होय. महाशिवरात्रीस वैनगंगेच्या तीरी मार्कंड्याला आणि चैत्रात चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, महाकालीला जावे, हे कोणा समितीने ठरविलेले नव्हते. जेथे तारीख ठरवावी लागे, तेथेही धानाच्या पिकाचीच आज्ञा प्रमाण असे. धान खळ्यावर आले, दिवाळी उलटली, की गावोगाव मंडई भरावी, आणि मंडईच्या रात्री नाटक व्हावे म्हणून गावच्या मंडळाने वडशाला जाऊन नाटक कंपनीची तारीख आगाऊ धरून ठेवावी, हा या धानाच्या मुलुखाचा, झाडीपट्टीचा, क्रम आजही चालू आहे.

साहित्य संमेलनाचा प्रघात निराळा. १९६१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाकडे संस्थांची निमंत्रणे येतात, स्थळ निवड समिती मंडपाची जागा, निवास व दळणवळण यांची पाहणी करून शिफारस करते, आणि मग महामंडळाच्या बैठकीत शिक्कामोर्तब होते. या मार्गाने चंद्रपूरला यजमानपदाचा मान दोनदा लाभला: १९७९ साली वामन कृष्ण चोरघडे यांच्या अध्यक्षतेखाली, आणि पुढे तेहेतीस वर्षांनी, ३ ते ५ फेब्रुवारी २०१२ रोजी, वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या ८५व्या संमेलनात. पहिल्या खेपेस गडचिरोली याच जिल्ह्यात मोडत होती. २६ ऑगस्ट १९८२ रोजी ती विभक्त झाली, आणि यजमानांच्या यादीत तिचे नाव अद्याप आलेले नाही.

याचे कारण मला निमंत्रणाच्या रीतीतच दिसते. जो बोलावील त्याच्याकडे जावे, हा नियम सौजन्याचा खरा. परंतु बोलावण्यापूर्वी हजारो पाहुण्यांच्या निवासाची ऐपत दाखवावी लागते, आणि ज्या जिल्ह्यात आगगाडी वडशाला सोडून पुढचा प्रवास मोटारीनेच करावा लागतो, तेथील संस्था अर्ज करण्याआधीच कचरतात. त्यातून पाहणी जर पावसाळ्यात झाली, तर पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडची वाट अडलेली दिसावयाची. तीच वाट माघात मोकळी असते. झाडीपट्टीच्या बोलीची, झाडीबोलीची, संमेलने खेड्यापाड्यांत भरत आली आहेत, ती गावकऱ्यांनी घरे उघडी केली म्हणून. तेव्हा गडचिरोलीपुरती तरी महामंडळाने निमंत्रणाची वाट न पाहता, एक वर्ष आधी, धानकापणी आटोपल्यावर, समिती स्वतःहून धाडावी, आणि वैनगंगेपलीकडच्या गावांत निवासाची काय सोय होऊ शकते, याची रुजुवात तेथील लोकांजवळ बसून करावी.